घर, घोडा आणि परतीची तारीख : मेइजी जपानचे परदेशी नोकर (थ्रेड)

१/
मार्च १८७१. जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या फुकुई या संस्थानी नगरात २७ वर्षांचा एक अमेरिकन शिक्षक दाखल झाला. त्याचे नाव विल्यम एलियट ग्रिफिस. अमेरिकेतील रटगर्स महाविद्यालयात त्याने फुकुईच्याच कुसाकाबे तारो या विद्यार्थ्याला शिकवले होते. तो विद्यार्थी १८७० मध्ये क्षयाने तिथेच वारला. आता त्याच्याच गावी विज्ञान शिकवण्यासाठी गुरूला बोलावणे आले होते. करारात वर्षाला २४०० डॉलर पगार, राहायला घर आणि फिरायला घोडा असे ठरले होते. ज्या गावात पाश्चात्य माणूस दिसणे हीच बातमी होती, तिथे या एका शिक्षकासाठी पाश्चात्य धर्तीचे घर उभे राहिले.

२/
आज परदेशी नोकरी स्वीकारणाऱ्या तरुणाच्या हाती 'रिलोकेशन पॅकेज' नावाचा कागद पडतो. त्यात विमानाचे तिकीट, सुरुवातीचे घर, सामानाचा खर्च, विमा, भाषेचा वर्ग अशा गोष्टी असतात. ही कल्पना आधुनिक कंपन्यांची आहे असा समज आहे. प्रत्यक्षात दीडशे वर्षांपूर्वी एका संपूर्ण राज्याने ही व्यवस्था फार मोठ्या प्रमाणावर राबवली होती. तिचा हिशेब तपासला, तर मालक परक्या माणसाला कशात मदत करतो आणि कशात करत नाही, हे स्पष्ट दिसते.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. १८६८ मध्ये तोकुगावा शोगुनशाही कोसळली आणि सम्राट मेइजी याच्या नावाने नवे शासन आले. त्याच वर्षी सम्राटाच्या प्रतिज्ञापत्रात जगभरातून ज्ञान मिळवण्याचे धोरण जाहीर झाले. त्यासाठी दोन मार्ग होते. जपानी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवायचे आणि बाहेरच्या जाणकारांना घरी आणायचे. दुसऱ्या मार्गाने आलेल्यांना 'ओयातोई गाइकोकुजिन' म्हणत. 'यातोई' म्हणजे नोकरीवर ठेवलेला, 'गाइकोकुजिन' म्हणजे परदेशी आणि आरंभीचा 'ओ' आदरार्थी. १८७०च्या दशकाच्या मध्यावर एकट्या केंद्र सरकारच्या सेवेत असे पाचशेहून अधिक परदेशी होते. खासगी नोकरीतले वेगळे.

४/
त्यांचे पगार पाहिले की नव्या सरकारची निकड कळते. ओसाकाच्या टांकसाळीचा प्रमुख थॉमस किंडर याला महिन्याला १०४५ येन मिळत. त्याच काळात शासनाचा सर्वोच्च मंत्री सान्जो सानेतोमी याचे वेतन ८०० येन होते. म्हणजे नाणी पाडणारा परदेशी नोकर आपल्या मालकाच्या मुख्य मंत्र्याहून महाग होता. रेल्वेचा मुख्य अभियंता एडमंड मोरेल याला ८५० येन मिळत. ज्या सरकारची तिजोरी यादवी युद्धाने रिकामी झाली होती, त्याने हा खर्च डोळसपणे पत्करला होता.

५/
पगार हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. माणूस शोधण्यापासून काम सुरू होई. तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी प्राध्यापक हवे होते. तेव्हा इतो हिरोबुमीने लंडनमधील व्यापारी ह्यू मॅथेसन याच्याकडे शब्द टाकला. तिथून विचारणा ग्लासगोच्या प्राध्यापक रँकिन यांच्यापर्यंत गेली आणि निवड झाली हेन्री डायर याची. १८७३ मध्ये तो तोक्योला आला, तेव्हा त्याने वयाची पंचविशीही गाठली नव्हती आणि हुद्दा होता थेट प्राचार्याचा. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम त्याने बोटीवरच्या प्रवासात लिहून काढला होता.

६/
बोटीतून उतरल्यावर राहण्याचा प्रश्न येई. तहांनुसार परदेशी माणसांना योकोहामा, कोबे, नागासाकी अशा ठरावीक बंदरांतील वसाहतींतच राहता येई आणि देशाच्या अंतर्भागात फिरायला परवाना लागे. सरकारी नोकर याला अपवाद होता. त्याला कामाच्या गावी राहू दिले जाई आणि घरही मालकच देई. तोक्यो विद्यापीठाच्या अनेक परदेशी प्राध्यापकांची वस्ती होंगो भागातील 'कागा याशिकी' या आवारात होती. एकेकाळच्या बलाढ्य माएदा सरदार घराण्याचा तो वाडा. १८७७ मध्ये आलेला प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स तिथेच राहिला. पुढे त्याने जपानी घरांवर सचित्र ग्रंथ लिहिला.

७/
घराइतकीच सुरक्षेचीही चिंता होती. परक्यांना हाकलून द्या, ही घोषणा देणाऱ्या तलवारी अजून म्यान झाल्या नव्हत्या. जानेवारी १८७१ मध्ये तोक्योत सरकारी शाळेतील दोन इंग्रज शिक्षकांवर रात्री रस्त्यात तलवारीने वार झाले. फुकुईला जाण्यापूर्वी ग्रिफिस त्या वेळी तोक्योतच होता आणि जखमींच्या शुश्रूषेला बसला होता. अशा काळात परदेशी शिक्षकाबरोबर सशस्त्र रक्षक देणे हे मालकाचे कर्तव्यच ठरले.

८/
आजारपणाचाही विचार होई. मोरेल १८७० मध्ये आला, तेव्हाच त्याला क्षयाने ग्रासले होते. प्रकृती ढासळल्यावर हवापालटासाठी हिंदुस्थानात जाण्याची त्याने परवानगी मागितली आणि सरकारने ती दिली. निघण्यापूर्वीच, नोव्हेंबर १८७१ मध्ये, वयाच्या तिशीत तो वारला आणि काही तासांतच त्याची पत्नीही गेली. त्याने आखलेली शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे पुढच्या वर्षी सुरू झाली. योकोहामाच्या परदेशी दफनभूमीत त्याची कबर आजही जपली जाते.

९/
प्रवास, निवास, रक्षण, रजा, उपचार ही यादी आजच्या कोणत्याही मोठ्या कंपनीला शोभावी अशी आहे. पण करारांतील एक कलम सहज नजरेतून सुटते, ते म्हणजे मुदतीचे. बहुतेक करार एक ते तीन वर्षांचे असत. वाटल्यास ते पुन्हा वाढवले जात. नोकराला व्यापारधंदा करण्यास सामान्यतः मनाई असे. परतीच्या प्रवासाची तरतूद आरंभीच लिहिलेली असे. माणूस यायच्या आधीच त्याचे जाणे ठरलेले असे. ही व्यवस्था त्याला कामाला बसवण्यासाठी होती, देशात रुजवण्यासाठी नव्हती.

१०/
हे धोरण किती काटेकोर होते, हे पुढच्या घटनांतून दिसते. किंडर आणि टांकसाळीतील अनेक परदेशी सहकाऱ्यांना १८७५ मध्येच निरोप मिळाला. डायरच्या महाविद्यालयाची पहिली तुकडी १८७९ मध्ये बाहेर पडली. तिच्यातील तात्सुनो किंगो इंग्लंडमध्ये पुढचे शिक्षण घेऊन परतला आणि १८८४ मध्ये आपला गुरू जोसाया कॉन्डर याच्या प्राध्यापकपदावर बसला. तोक्यो स्टेशनची इमारत याच तात्सुनोची. १८८० मध्ये क्योतोजवळचा ओसाकायामा बोगदा केवळ जपानी अभियंत्यांनी पुरा केला. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या बिवा सरोवराच्या कालव्याचा आराखडा तानाबे साकुरो या त्याच महाविद्यालयाच्या पदवीधराचा होता. शिष्य तयार झाला की गुरूची जागा संपायची.

११/
यात जपानला दोष देण्याची घाई करू नये. परदेशी माणसाला घट्ट बसू देणे त्या काळी खरोखर धोक्याचे होते. तहांमुळे त्याच्यावर जपानी न्यायालयाचा अधिकार चालत नव्हता. त्याने गुन्हा केला तरी खटला त्याच्या देशाच्या वकिलातीसमोर चाले. ही विषम व्यवस्था १८९९ मध्ये नवे तह अमलात आले तेव्हाच संपली. शिवाय आशियात आणि आफ्रिकेत सल्लागाराच्या मागून सावकार आणि सावकाराच्या मागून सैन्य कसे येते, हे दिसत होते. १८७६ मध्ये इजिप्तची तिजोरी युरोपीय देखरेखीखाली गेली आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज तिथे उतरली. पगारी, मुदतबंद आणि जपानी खात्याच्या हुकमतीखाली असलेला परदेशी तज्ज्ञ हा त्यावरचा शहाणा उपाय होता.

१२/
पण राज्याचा हा शहाणपणा व्यक्तीला किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण म्हणजे लाफ्काडिओ हर्न. १८९० मध्ये तो योकोहामाला उतरला आणि मात्सुए या लहान गावात शंभर येनांवर इंग्रजीचा शिक्षक झाला. तिथल्या सामुराई घराण्यातील कोइझुमी सेत्सु हिच्याशी त्याने संसार थाटला. जपानी भुताखेतांच्या कथांपासून देवळांच्या आवारापर्यंत त्याने जे लिहिले, त्यातून पाश्चात्य वाचकांना जपान कळला. घर, घोडा किंवा रक्षक यांतून त्याचे पाऊल तिथे रुजले नाही. ते सेत्सुमुळे, तिच्या नातलगांमुळे आणि शेजारामुळे रुजले. ही मदत कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती.

१३/
आता कायद्याचा पेच पाहा. १८७३ च्या आदेशाने परदेशी व्यक्तीशी विवाहाला परवानगी दिली होती. मात्र जपानी स्त्रीने परदेशी पुरुषाशी रीतसर विवाह केला, तर तिचे जपानीपण जाई. पत्नी आणि मुले जपानी राहावीत, वारसा त्यांना मिळावा, यासाठी हर्नपुढे एकच वाट होती. १८९६ मध्ये तो सेत्सुच्या घराण्यात दत्तक जाऊन जपानी नागरिक झाला. त्याचे नवे नाव कोइझुमी याकुमो. त्याच वर्षी तो तोक्योच्या सम्राटाच्या विद्यापीठात महिना ४०० येनांवर अध्यापक झाला. नागरिकत्व घेतल्यास परदेशी तज्ज्ञाचा पगार जाईल, ही धास्ती त्याला आधीपासून होती.

१४/
ती धास्ती खोटी नव्हती. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याचा करार पुढे चालवण्यास नकार दिला. विद्यार्थी खवळले. तेव्हा कमी तास आणि कमी पगार असा देकार पुढे आला. हर्नने तो स्वीकारला नाही. त्याची जागा घेणाऱ्यांत नुकताच इंग्लंडहून परतलेला नात्सुमे सोसेकी होता, जो पुढे जपानचा थोर कादंबरीकार झाला. हर्न पुढच्या वर्षी वासेदा विद्यापीठात शिकवू लागला आणि सप्टेंबर १९०४ मध्ये वारला. तो परका होता तोवर मोलाचा होता. जपानी झाल्यावर तो पुरेसा जपानी नव्हता आणि पुरेसा परकाही उरला नव्हता. या व्यवस्थेत स्थायिक झालेल्या माणसासाठी रकानाच नव्हता.

१५/
दीर्घ काळ राहिलेल्या दुसऱ्या एका माणसाची खंत वेगळी होती. जर्मन वैद्य एर्विन बेल्त्स १८७६ मध्ये आला आणि जवळजवळ तीन दशके राहिला. १९०१ मध्ये त्याच्या सेवेची २५ वर्षे साजरी झाली, तेव्हाच्या भाषणात त्याने एक तक्रार नोंदवली. पाश्चात्य शिक्षक इथे विज्ञानाचे झाड वाढवायला आले होते, पण त्यांच्याकडे तयार फळे विकणारे म्हणून पाहिले गेले, असा तिचा आशय होता. सत्काराच्या समारंभात बोललेले हे शब्द आहेत. पंचवीस वर्षे सांभाळलेला माणूसही मालकाच्या लेखी पुरवठादारच राहू शकतो.

१६/
मग प्रश्न येतो की किमान ही एवढी सोय तरी सर्व परदेशी नोकरांना मिळत होती का? त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांकडे करारबद्ध मजूर जाऊ लागले. एकूण सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून चढलेली रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या करारातही बोटीचे भाडे, राहण्याची जागा, शिधा, कपडे आणि औषधपाणी होते. कागदावर पाहिले तर कलमे तीच. प्रत्यक्षात पुरुष मजुराचा पगार महिना पाच रुपयांच्या आसपास आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची प्रथा. परतीच्या मोफत प्रवासाचा हक्क १८५०च्या दशकात काढून घेण्यात आला. १८६७ च्या कायद्याने तर छायाचित्र लावलेला परवाना जवळ नसलेल्याला भटक्या ठरवून पकडता येऊ लागले.

१७/
किंडर आणि कोकणातला मजूर यांच्या करारांत कलमांचा फरक फारसा नव्हता, फरक पाठबळाचा होता. किंडरच्या मागे त्याच्या देशाचे आरमार, वकिलात आणि दुर्मीळ कौशल्य उभे होते. मजुराच्या मागे कर्ज आणि दुष्काळ होता. आणि तरीही रुजला कोण, हे पाहण्यासारखे आहे. सर्व सोयी मिळालेले बहुतेक तज्ज्ञ परत गेले. सोयींच्या नावाने फसवणूक झालेली पुष्कळ कुटुंबे मॉरिशसमध्ये राहिली. कोकणचा जाखडी नाच तिथे 'झाकरी' म्हणून टिकला, मराठी शाळांत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हे श्रेय मळेवाल्यांचे नव्हे. ते घर, भाषा आणि देव स्वतःच्या बळावर पुन्हा मांडणाऱ्या माणसांचे आहे.

१८/
यावरून मालकाची मदत निरर्थक ठरत नाही. ती नसेल तर काय होते, हे मळ्यांवर दिसले. पण अशी मदत पारखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. नोकराला उद्या सकाळी कामावर हजर राहता यावे, एवढ्यापुरतीच ती आहे का? की काम संपल्यानंतरच्या आयुष्यालाही तिच्यात जागा आहे? पहिल्या प्रकारात घर, वाहन आणि विमा येतात. दुसऱ्या प्रकारात भाषा, कुटुंब, शेजार, तक्रार करण्याची सोय आणि राहण्याचा हक्क येतो. मेइजी सरकार पहिल्या बाबतीत उदार होते, दुसऱ्या बाबतीत जाणूनबुजून हात आखडता घेणारे होते.

१९/
हा केवळ जुना इतिहास नाही. लोकसंख्या घटत असलेल्या जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कौशल्य' नावाचा नवा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासंबंधी जपानशी सहकार्याचा करार केला. या व्हिसाच्या पहिल्या श्रेणीत मालकावर मदतीच्या दहा बाबी कायद्याने बंधनकारक आहेत. विमानतळावरून आणणे, घर मिळवून देणे, दैनंदिन जीवनाची ओळख करून देणे, सरकारी कचेरीत सोबत जाणे, जपानी शिकण्याची संधी, तक्रार ऐकणे, स्थानिकांशी मेळ घालून देणे वगैरे. मेइजी करारांच्या तुलनेत ही यादी निश्चितच पुढे गेलेली आहे. भाषा आणि शेजार प्रथमच मालकाच्या कर्तव्यात आले.

२०/
परंतु त्याच पहिल्या श्रेणीत राहण्याची एकूण मर्यादा पाच वर्षांची ठेवण्यात आली आणि कुटुंबाला बरोबर आणण्यास सामान्यतः परवानगी नाही. ती सवलत दुसऱ्या, वरच्या श्रेणीत आहे आणि तिथे पोहोचण्यासाठी अधिक कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे शेजाऱ्यांशी ओळख करून द्यायची, पण बायकामुले मायदेशीच ठेवायची. १८७० च्या दशकात मुदतीच्या कलमाला कारण होते. परक्याच्या पाठीशी तोफा होत्या आणि त्याच्यावर जपानचा कायदा चालत नव्हता. आज वृद्धाश्रमात सेवा करणाऱ्या किंवा कारखान्यात उभ्या असलेल्या तरुणाच्या पाठीशी कोणतेही आरमार नाही आणि त्याच्यावर जपानचाच कायदा चालतो. कारण गेले, तरी कलम राहिले आहे. ते काढून टाकण्याची वेळ झाली आहे.

२१/
तोक्योच्या आओयामा दफनभूमीत परदेशी लोकांचा एक विभाग आहे. जपानी नोटांसाठी कोरीव काम करणारा इटालियन कलाकार एदोआर्दो किओसोने, जो १८७५ मध्ये येऊन १८९८ मध्ये तिथेच वारला, याच विभागात चिरनिद्रा घेत आहे. २००५ च्या सुमारास या विभागातील अनेक कबरींवर शहर प्रशासनाच्या पाट्या लागल्या. देखभालीची वार्षिक फी थकली आहे, वारसांनी संपर्क साधावा, अन्यथा कबर हटवली जाईल, असा त्यांचा आशय. शंभर वर्षांपूर्वी एकट्याने आलेल्या माणसांचे वारस कुठून यायचे? इतिहासाची जाण असलेल्या नागरिकांनी आवाज उठवला आणि पुढे प्रशासनाने तो विभाग जपण्याचे ठरवले.

२२/
त्या पाट्या लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात काही वाईट नसावे. त्याच्यासमोर नियम होता आणि नियमात या माणसांचे कुणी नव्हते. परदेशी नोकरीचा करार हाती घेणाऱ्या आजच्या तरुणाने पगाराचा आकडा आणि घराचा पत्ता जरूर पाहावा. त्याखालची मुदत, कुटुंबाचे कलम आणि मुदत संपल्यावर काय, हे मात्र त्याआधी वाचावे. आणि असे करार आखणाऱ्या सरकारांनी व कंपन्यांनी हर्नचा १९०३ सालचा प्रसंग एकदा तरी डोळ्यांखालून घालावा.

(समाप्त)